दुरुस्तीच्या टेबलावरून: कैलास काटकर आणि क्विक हील

भारतातील सॉफ्टवेअर उद्योगाचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखन एकाच प्रकारच्या कंपन्यांभोवती फिरते. परदेशी ग्राहकाचे काम घ्यायचे, इथल्या अभियंत्यांकडून ते तिथल्यापेक्षा कमी खर्चात करून घ्यायचे आणि कामाचे तास मोजून बिल पाठवायचे, अशी या कंपन्यांची रीत असून १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली आणि १९८३ साली बंगळुरूला गेलेली इन्फोसिस हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. या रीतीने देशाला परकीय चलन, लाखो नोकऱ्या आणि मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. मात्र स्वतःच्या नावाचे एक सॉफ्टवेअर तयार करून ते पुठ्ठ्याच्या खोक्यात घालायचे आणि देशातल्याच दुकानदारामार्फत देशातल्याच ग्राहकाला विकायचे, हा दुसरा मार्ग फार थोड्यांनी धरला आणि त्यांतही टिकलेले आणखी थोडे. पुण्याची क्विक हील टेक्नॉलॉजीज ही त्या थोड्यांपैकी एक कंपनी. तिचे प्रमुख कैलास काटकर यांनी दहावीनंतर औपचारिक शिक्षण घेतलेले नाही आणि कंपनीला ओळख देणारा प्रोग्रॅमही त्यांनी लिहिलेला नाही. तो त्यांचे धाकटे बंधू संजय यांचा. तरीही या कंपनीचे रूपांतर ज्या निर्णयांनी घडले ते मुख्यतः कैलास यांचे होते, आणि चालू मिळकतीचा धंदा ती मिळकत आटण्यापूर्वीच मागे सोडायचा, ही त्या निर्णयांमागची समान वृत्ती होती.

कैलास काटकर यांचा जन्म १९६६ साली सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर येथे झाला. पुणे-मिरज लोहमार्गावर साताऱ्याच्या पुढे कोरेगाव आणि त्यानंतर रहिमतपूर लागते. तीच गाडी पुढे कराड, किर्लोस्करवाडी आणि सांगली करत मिरजेला पोहोचते. आज हा पट्टा दोन जिल्ह्यांत विभागलेला दिसतो, पण सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने निर्माण झाला आणि १९६० साली त्याला सध्याचे नाव मिळाले, हे ध्यानात घेतले की या भागाचा औद्योगिक इतिहास एकत्र पाहणे सयुक्तिक ठरते. कृष्णाकाठची काळी, बागायती जमीन आणि पूर्वेकडचे माण, खटाव, खानापूर, आटपाडी हे अवर्षणप्रवण तालुके अशी या पट्ट्याची दोन रूपे आहेत. पूर्वेकडच्या गावांतून पोटासाठी बाहेर पडण्याची परंपरा जुनी असून मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि नंतर पुणे-पिंपरीचे कारखाने या वाटांनी अनेक पिढ्या गेल्या आहेत.

या स्थलांतराच्या दोन शाखा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली कारागिरीतून कारखानदारीकडे जाणारी. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, त्यातून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांच्याकडे ते वळले आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती आणि सुरुवातीचे नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. वस्तू चांगली असणे आणि ती गिऱ्हाइकाच्या गळी उतरणे यांतले अंतर किती लांबीचे असते, याचा मराठी उद्योगाच्या इतिहासातील हा सर्वांत जुन्या दाखल्यांपैकी एक. दुसरी शाखा गलाई व्यावसायिकांची. सराफाकडे जमा होणारी मोड, म्हणजे जुने दागिने आणि सोन्याचांदीचा चुरा, वितळवून त्यातून शुद्ध धातू वेगळा करण्याच्या धंद्याला गलाई म्हणतात. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतील हजारो कुटुंबे हा धंदा घेऊन भारतभरच्या लहानमोठ्या बाजारपेठांत पसरली आहेत. त्यांच्यातला मुलगा आधी एखाद्या नातेवाइकाच्या भट्टीवर उमेदवारी करतो, हातात कसब आल्यावर दुसऱ्या गावी स्वतःची भट्टी लावतो आणि तिथल्या सराफाचा विश्वास हेच त्याचे भांडवल होते. काटकर कुटुंबाचा या दोन्ही धंद्यांशी थेट संबंध नाही; परंतु हाताने शिकणे, दुरुस्तीतून वस्तूकडे जाणे आणि लहान गावातला जाणकार माणूस धरून व्यापार वाढवणे या तिन्ही गोष्टी त्यांच्या कंपनीच्या वाटचालीत ठळकपणे दिसतात आणि या मुलखाच्या वाचकाला त्या अनोळखी वाटणार नाहीत.

कैलास यांचे वडील पुण्यात फिलिप्स कंपनीत मशीन सेटर होते. मशीन सेटर म्हणजे कारखान्यातील यंत्राची अवजारे, मापे आणि चाल बसवून देणारा कुशल कामगार. यंत्र चालवणाऱ्यापेक्षा त्याला यंत्राची जाण अधिक लागते. घरी ते रेडिओ दुरुस्त करत आणि मुलाने हे काम पाहतपाहतच शिकून घेतले. दहावीनंतर १९८५ च्या सुमारास कैलास यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या एका दुकानात दरमहा ४०० रुपयांवर नोकरी धरली. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणे हा धंदा असू शकतो याचे आज नवल वाटेल, पण त्या काळात विजेवर चालणारा, कागदाच्या पट्टीवर आकडे छापणारा टेबलावरचा कॅल्क्युलेटर ही महागडी कार्यालयीन वस्तू होती. बँका, विमा कंपन्या, व्यापारी पेढ्या यांचे रोजचे काम तिच्यावर चाले आणि ती बिघडली की नवी घेण्याऐवजी कारागिराला बोलावले जाई. या कामामुळे तरुण कारागिराचा पुण्यातील बँकांच्या आतल्या दालनांत वावर सुरू झाला, आणि पुढच्या सगळ्या घडामोडींना हा वावर कारणीभूत ठरला.

बँकांमध्ये तेव्हा एक मोठे स्थित्यंतर अडखळत चालले होते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाची शिफारस केली होती. १९८९ साली त्याच नावाच्या दुसऱ्या समितीने संगणकीकरणाचा पुढचा आराखडा दिला. कर्मचारी संघटनांचा संगणकाला तीव्र विरोध असल्यामुळे शाखांमध्ये सुरुवातीला लेजर पोस्टिंग मशीन नावाची यंत्रे आली. खातेवहीत हाताने होणाऱ्या नोंदी करणारे हे यंत्र होते संगणकच, पण त्याला संगणक म्हणायचे टाळले जाई. कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला आलेल्या काटकरांनी ही यंत्रे पाहिली आणि आपल्या हातातले काम फार वर्षे पुरणार नाही, हे त्यांच्या लक्षात आले. आधी स्वतःचे दुकान आणि मग नवी यंत्रे, असा क्रम त्यांनी ठेवला. १९९० साली १५ हजार रुपयांच्या भांडवलावर पुण्याच्या मंगळवार पेठेत सुमारे शंभर चौरस फुटांच्या जागेत त्यांचे दुरुस्तीचे दुकान सुरू झाले. कॅल्क्युलेटरचे काम घर चालवी आणि उरलेल्या वेळात संगणकाची दुरुस्ती शिकणे चाले.

१९९३ साली या व्यवसायाला कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस असे नाव मिळाले आणि कार्यालयांच्या संगणकांचे वार्षिक देखभाल करार घ्यायला सुरुवात झाली. असा करार घेणारा वर्षाला ठरावीक रक्कम स्वीकारून वर्षभर सगळी यंत्रे चालू ठेवण्याची हमी देतो. सुटी दुरुस्ती करणाऱ्याला यंत्र बिघडण्यात फायदा असतो, तर करार घेतलेल्याला यंत्र न बिघडण्यात, कारण प्रत्येक बिघाडाची फेरी त्याच्या खिशातून होते. हा फरक हिशेबाच्या वहीतला वाटला तरी क्विक हीलच्या जन्माचे खरे कारण त्यातच आहे. कराराखालची यंत्रे पुनःपुन्हा बंद पडू लागली आणि बिघाड तारांत किंवा सुट्या भागांत सापडेना, तेव्हा तो कुठे आहे हे शोधणे काटकरांना भागच पडले.

हा बिघाड होता संगणक विषाणूंचा. स्वतःच्या प्रती काढून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पसरणाऱ्या उपद्रवी प्रोग्रॅमला विषाणू म्हणतात. घरगुती आणि कार्यालयीन संगणकांवर जगभर पसरलेला पहिला विषाणू, ब्रेन, १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींना आळा बसावा म्हणून लिहिला होता. त्यावरचा भारतीय उतारा पुढे पुण्याच्या दोन भावांनी विकावा हा निव्वळ योगायोग, पण लक्षात राहण्यासारखा. त्या काळी इंटरनेट सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले नव्हते आणि विषाणू फ्लॉपीवरून, म्हणजे काढघाल करता येणाऱ्या चकतीवरून, प्रवास करत. संगणक सुरू होताना चकतीचा जो पहिला भाग वाचतो त्याला बूट सेक्टर म्हणतात. विषाणू तिथे जाऊन बसला की यंत्र सुरू होताच आधी त्याचा अंमल चालू होई आणि मग त्या यंत्रात घातलेली प्रत्येक फ्लॉपी बाधित होई. १९९१ साली आढळलेला मायकेलँजेलो हा विषाणू असाच होता. तो वर्षभर गुपचूप पडून राही आणि ६ मार्चला चकतीवरील माहिती पुसून टाकी. भारतात, जिथे एक फ्लॉपी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून कार्यालयात आणि कार्यालयातून घरी फिरत असे, तिथे या प्रसाराला कसलीच आडकाठी नव्हती.

धाकटे बंधू संजय तेव्हा पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांचा ओढा इलेक्ट्रॉनिक्सकडे होता. संगणकाकडे त्यांना वळवले ते कैलास यांनी, आणि शिक्षणाचा खर्चही दुकानाच्या मिळकतीतून भागवला. रयत शिक्षण संस्थेच्या मुलखात, जिथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी सुरू केलेल्या कामातून कमवा आणि शिका हे सूत्र घराघरांत पोहोचले, तिथल्या कुटुंबात एकाने कमवावे आणि दुसऱ्याने शिकावे ही वाटणी फारशी अपूर्व नाही. अपूर्व होती ती त्या शिक्षणाची दिशा ठरवण्यामागची बाजारपेठेची जाण. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणक विषाणूंमुळे बंद पडलेले असत. संजय यांनी ते विषाणू उलगडून पाहिले आणि एकेका विषाणूला काढून टाकणारे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. कैलास यांनी सुमारे ५० हजार रुपये खर्चून, म्हणजे दुकान काढायला लागलेल्या भांडवलाच्या तिपटीहून अधिक रक्कम घालून, त्यांना संगणक घेऊन दिला. हे प्रोग्रॅम कैलास देखभाल कराराखालच्या यंत्रांवर वापरू लागले. संशोधन भावाचे आणि चाचणीचे मैदान ग्राहकाचे कार्यालय, अशी ही सोय कोणत्याही प्रयोगशाळेला हेवा वाटावी अशी होती. नवा विषाणू पुण्यात आला की तो आधी काटकरांच्याच ग्राहकाला त्रास देई आणि त्याचा नमुना त्याच दिवशी संजय यांच्या टेबलावर पोहोचे.

संजय यांनी पुढे हे सुटे प्रोग्रॅम एकत्र बांधले आणि १९९५ साली डॉस प्रणालीवर चालणारे क्विक हील बाजारात आले. त्याच वर्षी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेसची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी म्हणून नोंदणी झाली. क्विक हीलची किंमत सुमारे ७०० रुपये होती. बाजारात नॉर्टन, मॅकॅफी, डॉक्टर सॉलोमन अशी परदेशी नावे होती आणि संगणक घेणाऱ्या भारतीयाची अशी समजूत होती की सॉफ्टवेअर म्हणजे विदेशी. देशी असेल तर त्यात काही तरी कमी असणार. किर्लोस्करांच्या नांगराविषयीचा संशय निदान मातीशी निगडित होता. हा संशय केवळ नावाशी होता आणि त्यामुळे तो घालवणे कदाचित अधिक अवघड होते. पहिली काही वर्षे उत्पादनाने फारसे काही मिळवून दिले नाही. दुरुस्तीचा धंदा कमवी आणि अँटिव्हायरस ते खाई.

इथे अँटिव्हायरसचे काम कसे चालते हे थोडे पाहणे आवश्यक आहे, कारण काटकरांचा व्यापारी हिशेब त्याच्याशी बांधलेला आहे. प्रत्येक विषाणूच्या सूचनांच्या साखळीत काही तुकडे असे असतात की जे दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये आढळत नाहीत. या ओळखखुणेला सिग्नेचर म्हणतात. अँटिव्हायरसजवळ अशा खुणांची यादी असते आणि तो यंत्रातील प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहतो. यादीत नसलेला विषाणू पकडण्यासाठी संशयास्पद वागणुकीवरून अंदाज बांधणारी पद्धतही वापरतात, तिला ह्युरिस्टिक म्हणतात; परंतु सुरुवातीच्या काळात भिस्त यादीवरच होती. नवे विषाणू सतत येत असल्याने कालची यादी आज अपुरी पडते, म्हणून अँटिव्हायरस ही एकदा घेऊन ठेवण्याची वस्तू होऊ शकत नाही, तिची यादी सतत अद्ययावत करावी लागते आणि दर वर्षी परवान्याचे नूतनीकरण करावे लागते. त्या काळच्या भारतीय बाजारात जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरची चोरटी प्रत फुकट मिळत होती आणि ती मूळ प्रतीइतकीच चालत होती. अँटिव्हायरसची चोरटी प्रत मात्र अद्ययावत होत नसल्यामुळे काही आठवड्यांत निरुपयोगी ठरे. पायरसीने पोखरलेल्या बाजारात पैसे देऊन घ्यावे लागेल असे जे थोडे सॉफ्टवेअर होते त्यांत अँटिव्हायरसचा क्रमांक वरचा होता, शिवाय चोरट्या सीडींबरोबर विषाणूही येत असल्याने पायरसीच त्याचे गिऱ्हाईक वाढवत होती. देखभाल कराराची सवय असलेल्या कैलास यांना वर्षागणिक नूतनीकरणाचा हा धंदा लगेच उमगला असावा. ठरावीक रक्कम, वर्षभराची जबाबदारी आणि वर्ष संपताना पुन्हा ग्राहकाकडे जाणे, हे सगळे त्यांनी वेगळ्या मालासह आधीच केलेले होते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस परिस्थिती पालटली. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या विषाणूने, ज्याला चेर्नोबिल असेही म्हणतात, भारतासह आशियातील असंख्य संगणक निकामी केले. तो केवळ चकतीवरील माहितीच पुसत नसे, तर यंत्र सुरू करणाऱ्या बायॉस नावाच्या चिपमधील सूचनाही खराब करी आणि मग यंत्र सुरूच होत नसे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मेलिसा आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात आय लव्ह यू हे ईमेलवरून पसरणारे विषाणू आले आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर हा विषय पोहोचला. साधारण याच सुमारास काटकर बंधूंनी हार्डवेअर दुरुस्तीचा चालता धंदा बंद करून संपूर्ण लक्ष अँटिव्हायरसवर देण्याचा निर्णय घेतला. कॅल्क्युलेटरकडून संगणकाकडे वळणे ही काळाची दिशा ओळखण्याची गोष्ट होती, पण दुरुस्ती सोडणे म्हणजे ज्या धंद्याने उत्पादनाला पोसले तोच सोडणे. या प्रकरणातील सर्वांत धाडसी निर्णय कोणता असे विचारले तर तो हाच, पुढचे सगळे निर्णय मोठ्या रकमांचे असले तरी.

आता विकायचे कसे, हा प्रश्न होता. मोठ्या जाहिरातीला पैसे नव्हते आणि परदेशी कंपन्यांचे मोठे वितरक या अनोळखी खोक्याकडे बघायला तयार नव्हते. काटकरांनी आपल्यासारखीच माणसे शोधली. सुटे भाग जोडून असेंबल्ड संगणक विकणारा आणि तो बिघडला की घरी येऊन दुरुस्त करणारा हार्डवेअरवाला त्या काळात प्रत्येक तालुक्याच्या गावी उभा राहत होता. ग्राहक कोणता अँटिव्हायरस घ्यायचा हे जाहिरात पाहून ठरवत नसे, या माणसाला विचारून ठरवत असे, आणि त्याचीही अडचण तीच होती जी पूर्वी काटकरांची होती: विकलेले यंत्र विषाणूने बंद पडले की फुकटची फेरी त्याला पडे. त्याला परदेशी कंपनीच्या दूरध्वनी केंद्रावर ताटकळत बसावे लागणार नाही, नवा विषाणू सापडला तर तो पुण्याला पाठवता येईल आणि त्यावर लवकर उतारा मिळेल, मराठीत किंवा हिंदीत बोलता येईल, हे क्विक हीलच्या बाजूचे मुद्दे होते. २००२ साली कंपनीची पुण्याबाहेरची पहिली शाखा नाशिकला उघडली आणि पुढे एकेका शहरात शाखा, तिच्याभोवती विक्रेते, असे जाळे विणले गेले. मोठ्या महानगरांआधी मध्यम शहरे हा क्रम व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच सुचवला जातो. गलाईच्या भट्ट्या ज्या रीतीने देशभर पसरल्या, तिच्याशी तो अधिक जुळतो. २००७ साली कंपनीने कॅट हे दुरुस्तीच्या काळातले नाव टाकून क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव घेतले.

२०१० साली सिकोया कॅपिटल या गुंतवणूकदार संस्थेने कंपनीत ६० कोटी रुपये गुंतवले. अशा संस्था वाढीची शक्यता दिसणाऱ्या खासगी कंपनीत हिस्सा घेतात आणि काही वर्षांनी तो चढ्या किमतीला विकून बाहेर पडतात. पंधरा हजारांवर उभ्या राहिलेल्या आणि तोवर स्वतःच्या मिळकतीतूनच वाढलेल्या धंद्याला हा पैसा केवळ पैसा नव्हता. त्याबरोबर संचालक मंडळ, बाहेरचे लेखापरीक्षण, तिमाही आकडे आणि भागभांडवल विक्रीची अपेक्षा या गोष्टी आल्या. २०११-१२ च्या सुमारास अमेरिका, जपान आणि केनिया येथे उपकंपन्या निघाल्या. परदेशातील या विस्ताराने कंपनीच्या उत्पन्नाचे स्वरूप पालटले नाही आणि भारतीय बाजार हाच तिचा कणा राहिला. हे अपयश म्हणून सांगण्यापेक्षा विक्रीच्या पद्धतीचा परिणाम म्हणून पाहणे योग्य होईल, कारण ओळखीच्या हार्डवेअरवाल्याच्या शब्दावर चालणारा व्यापार टोकियोत उभा करणे शक्य नव्हते.

खरे संकट अनपेक्षित दिशेने आले. मायक्रोसॉफ्टने २००९ साली फुकट अँटिव्हायरस द्यायला सुरुवात केली आणि २०१२ साली आलेल्या विंडोज ८ मध्ये तो प्रणालीतच बसवून दिला. त्याच दशकात घरातल्या संगणकाची जागा मोबाइलने घेतली. २०१६ नंतर स्वस्त डेटामुळे इंटरनेटवर नव्याने आलेल्या कोट्यवधी लोकांनी संगणक कधी घेतलाच नाही आणि फोनसाठी अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज त्यांना वाटली नाही. घरगुती ग्राहकाचा परवाना हाच ज्या कंपनीचा मुख्य माल होता तिच्या दृष्टीने ही गोष्ट गंभीर होती. भागविक्रीही याच काळात झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपये दराने कंपनीने सुमारे ४५१ कोटींची भागविक्री केली, त्यातले २५० कोटी रुपये नव्या शेअरचे आणि उरलेले प्रवर्तक व सिकोया यांनी विकलेल्या शेअरचे होते. १८ फेब्रुवारीला नोंदणी झाली त्याच दिवशी शेअर विक्रीच्या दराखाली घसरला. घसरणीमागे त्या दिवसांतील मंदावलेला बाजारही होता, पण फुकट मिळणाऱ्या वस्तूशी स्पर्धा करणाऱ्या कंपनीचे भवितव्य काय, ही गुंतवणूकदारांची शंका पूर्णपणे अनाठायी नव्हती.

काटकरांनी या शंकेचे उत्तर सेक्राइट या नावाने उभ्या केलेल्या दुसऱ्या शाखेतून देण्याचा प्रयत्न केला. ही शाखा व्यक्तींना न विकता कंपन्या, बँका, शिक्षणसंस्था आणि सरकारी कार्यालये यांना संरक्षण विकते. अशा ग्राहकाकडे शेकडो किंवा हजारो संगणक आणि फोन असतात, ज्यांना या व्यवसायात एंडपॉइंट म्हणतात, आणि त्यांवर एका ठिकाणाहून नजर ठेवणे, बाधित यंत्र जाळ्यापासून तोडणे, घुसखोर कोणत्या वाटेने आला त्याचा माग काढणे ही कामे घरगुती अँटिव्हायरसच्या आवाक्याबाहेरची असतात. विक्रीही निराळी. आठशे-हजार रुपयांचा परवाना दुकानदाराच्या एका वाक्यावर खपतो. हजार यंत्रांच्या करारासाठी निविदा, प्रात्यक्षिक आणि महिनोनमहिने वाटाघाटी लागतात, आणि समोर जगातल्या बलाढ्य कंपन्या उभ्या असतात. दुकानांच्या जाळ्याने मोठ्या झालेल्या कंपनीला आपली सर्वांत मोठी ताकद जिथे उपयोगी पडत नाही अशा मैदानात हे काम शिकावे लागले, त्यामुळे त्याला वेळ लागला.

घटनाक्रमाने मात्र या बाजाराला जोर दिला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे यंत्रातील माहिती कुलूपबंद करून ती सोडवण्यासाठी खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने, जवळपास दीडशे देशांत धुमाकूळ घातला. भारतात असे ४८ हजारांहून अधिक हल्ल्यांचे प्रयत्न नोंदवल्याचे क्विक हीलने त्या वेळी जाहीर केले. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून हॅकरांनी दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले, आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट लागू केली. सातारा आणि सांगली हे तर सहकाराचे जिल्हे: साखर कारखाने, दूध संघ, नागरी बँका, पतसंस्था. यांतील अनेक संस्थांच्या लेखी सुरक्षा म्हणजे तिजोरी आणि रखवालदार होता. आता नियामकाच्या आदेशाने त्यांना सर्व्हरची आणि यंत्रांची काळजी वाहावी लागली. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत झाल्याने ग्राहकांची माहिती गळाल्यास संस्थेवर मोठ्या दंडाची तलवारही आली.

त्याच वर्षीच्या जुलैत कंपनीने इन्फोसिसमध्ये माहिती सुरक्षेची धुरा सांभाळलेले विशाल साळवी यांना मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आणले आणि कैलास काटकर यांनी व्यवस्थापकीय संचालकपद स्वतःकडे ठेवले. तिमाही निकालांवर जगणाऱ्या, मोठ्या संस्थांशी करार करणाऱ्या कंपनीला संस्थापकाच्या अंतःप्रेरणेपेक्षा वेगळ्या प्रकारचा कारभार लागतो, अशी कबुली त्या नेमणुकीत होती. कॅल्क्युलेटर आणि दुरुस्ती यांच्यानंतर काटकरांनी या वेळी रोजच्या कारभाराची जागाही अंशतः सोडली. मात्र कंपनीची बहुतांश मालकी काटकर कुटुंबाकडेच राहिली आणि संशोधनाची बाजू संजय यांच्याकडे. बाहेरून आलेला व्यावसायिक आणि घरातला मालक यांची अशी जोडी मराठी उद्योगांत फार वेळा जमलेली नाही. त्यातच भारतीय बाजारातले घरगुती परवाने अजूनही कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग असल्यामुळे सेक्राइट त्यांना कधी मागे टाकते, यावर या शेवटच्या रूपांतराचा हिशेब अवलंबून आहे.